मधलं अक्षर

सात अक्षरं असतात. सहा कडेने आणि एक मधोमध. मधलं अक्षर प्रत्येक शब्दात आलंच पाहिजे, बाकीची आली तर आली. एकच अक्षर हवं तितक्या वेळा वापरता येतं, पण शब्द चार अक्षरांपेक्षा लहान चालत नाही. मोबाईलवर रोज सकाळी नवी सात अक्षरं येतात आणि ती सगळ्यांना तीच येतात. म्हणजे ओतूरजवळच्या आमच्या वस्तीवर मला जी दिसतात, तीच जुन्नरला माझ्या आईच्या घरी माझ्या लेकीला दिसतात. मला या खेळात मुळात एवढंच आवडलं होतं. इंग्रजी शब्दबिब्द नंतर.

लेक पाचवीत आहे. ती तिकडे आणि मी इकडे, याला कारण बिबट्या. आधी त्याने दारातलं कुत्रं नेलं, मग वासरू. मग एका सकाळी आम्ही मायलेकी शाळेच्या गाडीसाठी निघालो, तर पुढे पायवाटेवर तो आडवा बसलेला. मी पोरीला दप्तरासकट उचललं आणि उलट्या पावलांनी घरात आले. त्याच आठवड्यात तिचे कपडे, वह्या, सायकल, सगळं माझ्या माहेरी गेलं. आमच्या घरापासून डांबरी रस्ता अर्धा किलोमीटर, दोन्ही बाजूंनी ऊस. त्यात तो आहे की नाही हे त्या उसालाच माहीत. संध्याकाळी सहाच्या आत दारं लागतात. दिवसा खुरपायला जायचं तर बायका गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतात, कारण तो मानच धरतो. बाहेरगावची माणसं त्या पट्ट्यांचे फोटो बघून हसतात. त्यांनी एक दिवस आमच्याकडे खुरपायला यावं.

नवरा चाकणला कंपनीत आहे. शनिवारी येतो, येताना जुन्नरहून लेकीला गाडीवर घेऊन येतो आणि रविवारी दिवस मावळायच्या आत परत सोडतो. वाटेवर ठसा दिसल्याची बातमी असली की तो शनिवार तिचा रद्द. बाकीचे दिवस घरात दोन बायका आणि दोन गाई.

दुसरी बाई म्हणजे माझी सासू. मी त्यांना आत्या म्हणते, आमच्याकडे तसंच म्हणतात. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली. आत्यांची शाळा चौथीपर्यंत, पण आसपासच्या चार वस्त्यांवर त्यांना मोठा मान आहे आणि तो ठशांमुळे. ग्रामपंचायतीत वनखात्याच्या माणसांनी बैठक घेतली होती, तेव्हा आत्या पहिल्या रांगेत बसून सगळं ऐकून आल्या. ठसा गोल आणि नख्यांशिवाय असला की बिबट्या, कारण तो मांजरासारखा नख्या आत ओढून चालतो. बोटांच्या पुढे नख्यांची टिंबं उठली की कुत्रं. कुणाच्या शेतात ठसा दिसला की लोक त्यावर घमेलं पालथं घालतात, म्हणजे तो पुसला जात नाही, आणि वनखात्याला फोन करायच्या आधी आत्यांना बोलावतात. आत्या पदर खोचून वाकतात, घमेलं उचलतात, बघतात आणि निकाल देतात. तो निकाल आजवर कुणी परतवलेला नाही.

लग्न होऊन आले तेव्हा हा खेळ मला माहीत नव्हता, पण पंधरा दिवसांत एवढं कळलं होतं की या घरातलं मधलं अक्षर आत्या आहेत. स्वयंपाक, पेरणी, पाहुणे, माझं माहेरी जाणं, काहीही जुळवायचं तर त्यात त्या आल्याच पाहिजेत. मी सुरुवातीला फार चिडायचे. नंतर कमी चिडायला लागले, एवढीच प्रगती.

एका संध्याकाळी दारं लावून आम्ही चुलीपाशी बसलो होतो. समोर मोबाईल उभा केलेला, त्यात लेक. मधोमध पी होता आणि कडेने डी, ई, आय, आर, एस, टी. तिचे अकरा शब्द झाले होते, माझे नऊ.

"काय हुडकताय गं एवढं?" भाकरी थापता थापता आत्यांनी विचारलं.

मी म्हटलं, इंग्रजी शब्द, ज्यांत पी आहे असे.

"पाईप," त्या म्हणाल्या.

मी टाकला. मोबाईलने घेतला.

"ड्रिप."

घेतला.

"आन् मोटर ट्रिप व्हती ते?"

तोही घेतला. मग गोळ्यांची स्ट्रिप, इंजेक्शनच्या आधी डॉक्टर पुसतात ते स्पिरिट, दूधवाला ज्यात गाडी हाणतो ते स्पीड. लेक तिकडून ओरडायला लागली, "आजी, चीटिंग!" फक्त रिपीट मोबाईलने नाकारला, कारण त्यात लागतो तो ए त्या दिवशीच्या अक्षरांत नव्हता. "मालिका रोज दुपारी रिपीट लागती, आन् ह्याला ठावं न्हाई?" असं म्हणून आत्या मोबाईलवर खरोखर रुसल्या. सातही अक्षरांचा शब्द शेवटी लेकीने काढला, स्ट्राइप्ड, म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचा. "वाघ स्ट्राइप्ड असतो आजी," ती म्हणाली, "आपला नाही." आम्ही तिघी हसलो. त्यानंतर रोज संध्याकाळी आत्या स्वतःच विचारायला लागल्या, "आज मधी काय हाय?"

मी ओतूरच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन बी.ए. केलं, पण गाईड पाठ करून. अक्षरं समोर ठेवा, मी शब्दांचा ढीग लावते. वाक्य सुरू करायला सांगा, दुसऱ्या शब्दावर अडकते. कॉलेजात माझ्या बाकावर तळेघरची एक मैत्रीण बसायची. तिचे आईवडील डोंगरात भात आणि नाचणी करतात. सुट्टीला घरी जायचं तर बस मिळेल तिथपर्यंत बसने आणि पुढे चढ चालत. तिचं इंग्रजी माझ्याहून कच्चं होतं. पण ती चुकत चुकत बोलायची आणि मी न चुकता गप्प बसायचे. आज ती जुन्नरला एका इंग्रजी शाळेत शिकवते. मागच्या हिवाळ्यात तिचा फोन आला. चौथीच्या वर्गाची जागा रिकामी झाली होती.

"वीस मिनिटांचा डेमो लेसन द्यायचा, बास," ती म्हणाली. "तू ती अक्षरांचीच ॲक्टिव्हिटी घे. फळ्यावर अक्षरं लिही, मुलांना शब्द काढू दे. तुला फार बोलावंच लागणार नाही."

जुन्नरची नोकरी म्हणजे सोमवार ते शुक्रवार लेकीजवळ राहायचं. तिची वेणी घालायची, तिच्या शेजारी झोपायचं. दोन वर्षं मी तिला मोबाईलच्या काचेत मोठी होताना बघत होते. मला ती नोकरी किती हवी होती हे मी इथे लिहून सांगू शकत नाही. नवरा म्हणाला, "आईला इचार." आत्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "जा की. म्या काय अडवती व्हय?" मी म्हटलं, गाई विकू आणि तुम्हीही चला जुन्नरला. त्यावर त्या नुसत्या गोठ्यात निघून गेल्या. गाई विकायचा विषय तिथेच संपला.

डेमोच्या दिवशी मी साडी नेसून बाहेर आले, तर आत्या वाटेवर उभ्या. पायाशी घमेलं पालथं, वर धोंडा. "येऊन गेलाय," त्या म्हणाल्या. मी तिथूनच परत फिरले आणि शाळेत फोन केला. आमच्या भागात बिबट्या म्हटलं की पुढचा माणूस प्रश्न विचारत नाही. शाळेची दांडी, चुकलेलं लग्न, बुडालेला साखरपुडा, सगळ्याला हे कारण चालतं, आणि बहुतेक वेळा ते खरं असतं. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, काही हरकत नाही, पुढची तारीख कळवते. दुपारी वनखात्याची माणसं आली का म्हणून मी विचारलं, तर आत्या म्हणाल्या, गाय पाण्यावर नेताना ठसा पुसला गेला.

दुसरी तारीख तीन आठवड्यांनी मिळाली, गुरुवारची. या वेळी मी तयारीला लागले. बुधवारी संध्याकाळी दारं लावल्यावर मी आतल्या दाराच्या पाठीवर खडूने अक्षरं लिहिली. मधोमध ई आणि कडेने ए, सी, एच, एन, आर, टी. आत्यांना समोर पाटावर बसवलं. वर्ग म्हणजे त्या एकट्या.

"चिल्ड्रन," मी म्हटलं आणि आत्या खुसुखुसू हसल्या. मग मात्र त्यांनी गंभीर तोंड केलं आणि हात वर केला.

"रेट," त्या म्हणाल्या. "टमाट्याचा."

मी "व्हेरी गुड" म्हटलं आणि दारावर लिहिलं. मग हीटर आला. दुधाचं सेंटर आलं. मुलांसाठी तीन अक्षरीही चालेल असं मी ठरवलं होतं, म्हणून शेडनेटमधलं नेट घेतलं. मग त्या बराच वेळ दाराकडे टक लावून बसल्या. मी खूण म्हणून जमीन मोजल्यासारखं केलं.

"एकर?" त्या म्हणाल्या. "एकर तर आपलाच शबूद हाय की!"

मी म्हटलं, नाही आत्या, तोही इंग्रजी. त्यांना ते पटलं नाही, पण लिहू दिलं. एक शब्द मी मुद्दाम शेवटाला राखून ठेवला होता. म्हटलं, आता असा शब्द सांगा, जो या वर्गात उभा आहे. आत्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"टीचर," त्या हळू म्हणाल्या. "तू."

मला एकदम भरून आलं. खडू ठेवून मी त्यांच्या शेजारी बसले. त्या माझ्या साडीवरची खडूची पूड झटकत होत्या. "लई चांगली शिकवती गं तू," त्या म्हणाल्या. "घेतील तुला. घेतीलच." त्यांचा आवाज जरा चिरकल्यासारखा वाटला, पण मी माझ्याच आनंदात होते. मी लक्ष दिलं नाही.

गुरुवारी सकाळी सातला मी निघाले. आठची एसटी गाठायची होती. घरापासून पन्नास पावलांवर आत्या उभ्या होत्या. पायाशी घमेलं. वर धोंडा.

"जाऊ नगं गं," त्या म्हणाल्या. "रातच्याला येऊन गेलाय."

"बघू."

"बगायचं काय त्यात? वनखात्याची माणसं येऊस्तवर हात लावायचा न्हाई."

मी पायाने धोंडा ढकलला आणि घमेलं उचललं. ओली माती, त्यात लांबट ठसा. चार बोटं आणि चार बोटांपुढे चार टिंबं. स्वच्छ. शेजारच्या वस्तीवरचं तांबडं कुत्रं रोज सकाळी आमच्या गोठ्यापाशी दुधाच्या आशेने येतं, त्याचा होता तो. पाचवीतल्या पोरीनेही ओळखला असता. ज्या बाईने चार वस्त्यांना टिंबं बघायला शिकवलं, ती माझ्यासमोर उभी होती.

"आत्या, नख्या दिसतायत," मी म्हटलं.

मी पुन्हा म्हटलं, या वेळी ओरडून. उसातून एक भारद्वाज उडून गेला.

"मला बी दिसत्यात," त्या म्हणाल्या.

मग त्या खाली बसल्या, वाटेवरच. "पाच पाच राती म्या एकलीनं कशा काढू?" त्या म्हणाल्या. "गोठ्याचा पत्रा वाजला तरी माझ्या काळजाचं पाणी व्हतं. तू आत झोपलेली असती म्हनून पडून ऱ्हाती. आन् म्या कुनाला सांगू? समदी वस्ती मला ठसा वळखाया बोलावती. म्या भेली म्हणलं तर काय म्हंतील?"

माझ्या हातात घमेलं तसंच होतं. मला संताप आला होता. एवढंच होतं तर बोलायचं ना, म्हणून मी त्यांना बरंच काही बोलले. ते सगळं इथे लिहीत नाही. तुमच्या भीतीपायी माझी पोर परक्यासारखी राहते, हेही बोलले, आणि माझ्या आईचं घर काही परकं नाही हे मला तेव्हाही माहीत होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ऐकून घ्यायची त्यांना सवय नाही.

बोलून झाल्यावर मी मोबाईलमध्ये वेळ पाहिली. सात वीस. रस्ता मोकळा होता. बिबट्या नव्हता, आत्या वाटेच्या कडेला बसल्या होत्या, मला कुणीही धरलं नव्हतं. कुत्र्याच्या ठशावर पाय देऊन मी सरळ चालत जाऊ शकत होते. मी मनातल्या मनात वर्गात उभी राहिले. गुड मॉर्निंग, चिल्ड्रन. टुडे वी विल. त्याच्या पुढे काही येईना. समोर चाळीस मुलं, मागच्या बाकावर मुख्याध्यापिका बाई वही घेऊन बसलेल्या, आणि माझ्या डोक्यात सुटे शब्द, रेट, हीटर, सेंटर, एकर. एकाला दुसरा जोडेना.

आणि तिथेच मला पहिली वेळ आठवली. तेव्हा मी घमेलं उचललं नव्हतं. आत्यांवर विश्वास होता म्हणून नव्हे. आत्यांचे निकाल मी रोज बघत होते, ठसा बघायची मला हौसच होती. तरी मी दहा पावलं लांबूनच परत फिरले होते. शाळेला फोन करून झाल्यावर मला भूक लागली होती. चार दिवसांत पहिल्यांदा. मी गरम भाकरी आणि दूध खाल्लं होतं, आणि आत्या समोर बसून बघत होत्या. त्या बाईला तेव्हाच कळलं असणार. मला तीन आठवडे लागले.

मी घमेलं ठशावर परत पालथं घातलं. धोंडा वर ठेवला. आत्यांनी वर पाहिलं.

मग मी शाळेत फोन लावला आणि सांगितलं, वाटेवर ताजा ठसा आहे, आज येता येत नाही. आवाजात भीती आणावी लागली नाही, ती होतीच. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "जिवापेक्षा काही मोठं नाही. पण आता आम्हाला थांबता येणार नाही हं, दुसऱ्या बाईंना बोलावते." मी मराठीतच बोलत होते आणि न अडखळता बोलत होते. साडी बदलून मी गाईंना वैरण घातली. दिवसभर आम्ही दोघी एकमेकींना लागेल तेवढंच बोललो. मीठ कुठंय. पाणी तापलंय.

नवऱ्याचा फोन दुपारी आला. मैत्रिणीने मला दोनदा फोन केला होता, मी उचलला नव्हता, म्हणून तिने त्याला केला होता. मोबाईल स्पीकरवर होता, कारण माझे हात शेणात होते.

"ठसा व्हता म्हनं?"

"हो."

"आईनं बघितला?"

आत्या बाजूलाच उभ्या होत्या. "बघितला," त्या म्हणाल्या.

"मग प्रश्नच न्हाई," तो म्हणाला. "ह्या शनिवारी पोरीला आनत न्हाई मी. म्होरच्या बी न्हाई. थोडं दिस जाऊ द्या."

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. त्या क्षणी कुणीही एक जण बोललं असतं तर चाललं असतं. अहो, कुत्रं होतं. तीन शब्द. पण आत्यांना लेकाला सांगावं लागलं असतं की तुझ्या आईने खोटा ठसा दाखवला. मला नवऱ्याला सांगावं लागलं असतं की मला तो खोटा आहे हे दिसत होतं, आणि तरी मी गेले नाही. आत्यांचे ओठ हलले. माझेही हलले असतील. तिकडे कंपनीत भोंगा झाला आणि त्याने "ठेवतो" म्हणून फोन ठेवला.

संध्याकाळी दारं लावली. सहाला लेकीचा फोन आला. आत्या भाकऱ्या थापत होत्या. मोबाईल उभा केला तर लेक अक्षरांबद्दल काही बोलली नाही. तिच्या मागे खुर्चीवर तिची प्रवासाची पिशवी दिसत होती, चेन लावलेली, वर उशीवरचा तिचा कापडी ससा. शनिवार अजून दोन दिवस लांब होता.

"पप्पांनी सांगितलं," ती म्हणाली. "मी भरून पण ठेवली होती."

मी म्हटलं, हो गं.

"मम्मी, मग त्याला पकडा ना आता. तो पकडला की मी येईन ना?"

आत्यांचा थापता हात थांबला होता. परातीत भाकरी अर्धी पसरलेली. मी लेकीकडे बघत राहिले.

"हो," मी म्हटलं. "उद्याच पिंजरा लावायला सांगते."